चौरंगावरची दुर्बीण: खोके उघडल्यापासून पहिला पावसाळा येईपर्यंत

हौसेने घेतलेली आणि वर्षभराच्या आत माळ्यावर गेलेली दुर्बीण अनेक घरांत सापडते. तिच्या मालकाला विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते, ते म्हणजे ‘काही दिसत नाही’. अशा दुर्बिणी खाली उतरवून तपासताना आरसा खराब निघाल्याचे माझ्या पाहण्यात फार थोडे आले. दोष जवळजवळ नेहमी तीन ठिकाणी असतो. दुर्बीण डळमळत्या वस्तूवर ठेवलेली असते, तिचा फाइंडर, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेले लहान साधन, दिवसाउजेडी जुळवलेला नसतो आणि पहिल्याच रात्री तिला सर्वांत जास्त विशालन देणारी, म्हणजे प्रतिमा सर्वाधिक मोठी करणारी नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावलेली असते. टेबलावर ठेवायच्या लहान दुर्बिणीविषयीच्या या लेखातही मी याच तीन गोष्टींवर सर्वाधिक वेळ घालवणार आहे.

ज्या दुर्बिणीबद्दल आपण बोलत आहोत, तिला टेबलटॉप डॉब्सोनियन म्हणतात. नळीच्या तळाशी अंतर्वक्र आरसा असतो, तो प्रकाश गोळा करून वर पाठवतो, तोंडाजवळचा लहान तिरपा आरसा तो प्रकाश बाजूला वळवतो आणि तेथे बसवलेल्या नेत्रिकेतून आपण पाहतो. ही झाली न्यूटनची रचना. डॉब्सोनियन हा शब्द तिच्या बैठकीसाठी आहे. तिपाई, दंतचक्रे, मोटार यांपैकी काहीच नसते. जात्याचा वरचा दगड खुंट्याभोवती फिरतो तशी लाकडी बैठक आडवी फिरते आणि तिच्या खांबावर नळी वरखाली होते. ही साधी बैठक लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात तेवीस वर्षे संन्यासी होते. मठात असतानाच त्यांना टाकाऊ सामानातून दुर्बिणी करण्याचे वेड लागले आणि त्यापायीच १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढे ते पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवत असत. उचलून नेणे, ठेवणे आणि पाहणे एवढ्यावर ही बैठक भागते, त्यामागे हा इतिहास आहे.

कोणती घ्यावी

बाजारात या प्रकारात ७६, १००, ११४, १३० आणि १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशांच्या दुर्बिणी मिळतात. ७६ मिलिमीटरची दुर्बीण स्वस्त असली, तरी तिचा आरसा बहुधा गोलीय असतो, परवलयाकार नसतो, त्यामुळे चाळीस-पन्नास पटींच्या पुढे प्रतिमा मऊ पडते. १०० मिलिमीटरची दुर्बीण प्रवासाला उत्तम आहे, पण तिच्या काही नमुन्यांत मुख्य आरशाची जुळणी वापरणाऱ्याला करता येत नाही. मला विचाराल, तर १३० मिलिमीटर व्यास आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची (आरशापासून प्रकाश जेथे एकवटतो तेथपर्यंतचे अंतर) दुर्बीण घ्यावी. स्काय-वॉचरची हेरिटेज १३०पी हे तिचे सर्वज्ञात उदाहरण आहे. आरसा परवलयाकार आहे, नळी मिटवता येते आणि एकूण वजन एका हाताने उचलण्याजोगे आहे. १३० मिलिमीटरचा आरसा ७६ मिलिमीटरच्या आरशापेक्षा जवळजवळ तिप्पट आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा तीनशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. १५० मिलिमीटरची दुर्बीण आणखी दाखवते यात शंका नाही, पण ती दोन जिने चढवून गच्चीवर नेताना पहिल्या उत्साहानंतर कंटाळा येतो.

खोक्यावर ‘५२५ पट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेली दुर्बीण टाळावी. उपयुक्त विशालनाची वरची मर्यादा आरशाच्या दर मिलिमीटरला साधारण दोन पट असते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पटींपुढे काही मिळत नाही, मिळते ती केवळ मोठी धूसर प्रतिमा. आणखी एक सापळा म्हणजे ११४ मिलिमीटर व्यास व १००० मिलिमीटर नाभीय अंतर असे लिहिलेली, पण नळी जेमतेम अर्धा मीटर लांब असलेली दुर्बीण. नळी नाभीय अंतराच्या मानाने एवढी आखूड असेल, तर फोकसरच्या, म्हणजे नेत्रिका पुढेमागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागाच्या आत एक जादा भिंग बसवलेले असते आणि स्वस्त दुर्बिणींत ते बहुधा वाईट असते. अशा दुर्बिणीची जुळणी करता करता जाणकारही हात टेकतात.

आधी जागा, मग दुर्बीण

या दुर्बिणीच्या नावात टेबल आहे, पण खोक्यात टेबल नसते. ही तिची खरी उणीव आहे. प्लॅस्टिकचे स्टूल वाकते, घडीचे टेबल थरथरते आणि गच्चीचा कठडा बहुधा अरुंद असतो. शिवाय कठड्यावरून दुर्बीण खाली कोसळण्याचा धोका मोठा असतो. आपल्याकडे यावर एक जुना आणि उत्तम उपाय घरातच असतो, तो म्हणजे चौरंग. पूजेचा सागवानी किंवा शिसवी चौरंग ठेंगणा, जड आणि पक्का असतो. त्यावर दुर्बीण ठेवावी आणि आपण शेजारी पाटावर किंवा लहान मोड्यावर बसावे. वस्तू क्षितिजाजवळ असो वा डोक्यावर, बसल्या बसल्या डोळा नेत्रिकेपर्यंत पोहोचतो आणि मान अवघडत नाही. बसून पाहणारा माणूस उभ्याने पाहणाऱ्यापेक्षा अधिक बारकावे टिपतो, कारण शरीर स्थिर असते.

विकत घेण्यापूर्वी चौरंगाचा पृष्ठभाग मोजून घ्यावा. दुर्बिणीच्या बैठकीला खाली तीन रबरी पाय असतात आणि ते तिन्ही पृष्ठभागाच्या आत किमान दोन बोटे राहिले पाहिजेत. चौरंगाचा एखादा पाय डुगडुगत असेल, तर पुठ्ठ्याची घडी सरकवावी. मग कसोटी अशी: पन्नास-साठ पटींवर तारा पाहत असताना नळीवर हलकेच टिचकी मारावी. तारा एक-दोन सेकंदांत थांबला, तर जागा उत्तम आहे. चार-पाच सेकंद नाचत राहिला, तर जागा बदलावी, दुर्बिणीला बोल लावू नये.

दिवसाची तयारी

खोके आले की रात्रीची वाट न पाहता त्याच दिवशी दुपार उलटल्यावर कामाला लागावे. त्याआधी एक सूचना आहे आणि ती लहान मुलांसह घरातील प्रत्येकाला सांगितली पाहिजे. दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षणही पाहू नये, आणि दुर्बीण झाकणाविना उन्हात ठेवू नये. नेत्रिकेला लावायची लहान सौर काच एखाद्या जुन्या संचात मिळाली, तर ती फेकून द्यावी, कारण एकवटलेल्या उष्णतेने ती तडकू शकते. नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारे खास सौर आवरण हाच सुरक्षित मार्ग आहे, पण नवशिक्याने तोही पहिल्या वर्षी अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीशिवाय वापरू नये.

मिटणारी नळी असेल, तर तिचे दांडे शेवटपर्यंत ओढावेत, म्हणजे ते खटकन जागी बसतात. अर्धवट उघडलेल्या नळीत फोकस कधीच मिळत नाही आणि पहिल्या रात्रीच्या निराशेचे हे एक नेहमीचे कारण आहे. आता २५ मिलिमीटरची नेत्रिका बसवावी, १० मिलिमीटरची नव्हे. बैठकीच्या मधला नट आणि खांबावरची कळ इतकीच आवळावी, की नळी बोटाने ढकलल्यावर सरकते, पण सोडल्यावर जिथल्या तिथे राहते.

यानंतर फाइंडर. या दुर्बिणींबरोबर बहुधा लाल ठिपक्याचा फाइंडर येतो. तो काहीच मोठे करत नाही, केवळ दुर्बीण नेमकी कोठे रोखली आहे ते आकाशावर लाल ठिपका ठेवून दाखवतो. सायंकाळी सूर्य पाठीशी घेऊन, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, किमान अर्धा किलोमीटर दूरची एखादी टोकदार वस्तू निवडावी: देवळाचा कळस, मोबाइलच्या मनोऱ्याचे टोक, पाण्याच्या टाकीवरील तडिताघातरोधक. आधी नेत्रिकेतून ती वस्तू शोधून दृश्याच्या मध्यभागी आणावी. प्रतिमा उलटी दिसेल, ते या रचनेत स्वाभाविक आहे. मग नळीला धक्का न लावता फाइंडरचे दोन स्क्रू फिरवून लाल ठिपका त्याच कळसावर आणावा. पुन्हा नेत्रिकेतून खात्री करावी, मग १० मिलिमीटरची नेत्रिका लावून हीच जुळणी अधिक काटेकोर करावी. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम आहे. मी माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या वेळी हे काम अंधारावर सोडले होते आणि डोळ्यांना लखलखीत दिसणारा शनी दीड तास शोधूनही दुर्बिणीत आला नाही. नंतर कळले, की ठिपका जवळजवळ चार अंश बाजूला होता. काम झाल्यावर फाइंडरचा दिवा बंद करावा, अन्यथा पुढच्या वेळी त्याची बटणासारखी बॅटरी संपलेली असते.

पटींचा हिशेब

दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर म्हणजे विशालन. ६५० भागिले २५ म्हणजे २६ पट, ६५० भागिले १० म्हणजे ६५ पट. दुप्पट करणारे बार्लो भिंग मध्ये बसवले, तर हेच आकडे ५२ आणि १३० होतात. हे १३० पटींचे विशालन या दुर्बिणीला झेपते. २६० ही कागदावरची मर्यादा आहे आणि हवेच्या अस्थिरतेमुळे ती वर्षातून क्वचितच गाठता येते.

पण पटी वाढतात तसे तीन गोष्टी कमी होत जातात, त्या म्हणजे आकाशाचा दिसणारा तुकडा, प्रतिमेची उजळता आणि वस्तू दृश्यात राहण्याचा वेळ. २६ पटींवर साधारण दोन अंशांचे आकाश दिसते, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या जवळजवळ चौपट. ६५ पटींवर ते पाऊण अंशावर येते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे ६५ पटींवर गुरू दृश्याच्या एका कडेपासून दुसरीकडे साधारण तीन मिनिटांत आणि १३० पटींवर दीड मिनिटात निघून जातो. मोटार नसल्यामुळे आपल्याला तो पुन्हापुन्हा ओढून मध्ये आणावा लागतो. म्हणून नियम असा, की शोधताना नेहमी २५ मिलिमीटर, सापडल्यावर वस्तू मध्यभागी आणून १० मिलिमीटर आणि ते दृश्य स्वच्छ व स्थिर असेल तरच बार्लो.

‘ग्रह फारच लहान दिसतो’ ही तक्रार येथे निकालात काढता येईल. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना ६५ पटींवर त्याचे बिंब नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या दीडपट असते. तरीही तो लहान वाटतो, कारण काळ्या गोल दृश्यात तुलनेला दुसरे काही नसते. यावर उपाय जास्त पटींचा नाही, जास्त वेळ पाहण्याचा आहे. पहिल्या मिनिटात केवळ पांढरी चकती दिसते. पाचव्या मिनिटाला तिच्यावरचे दोन करडे पट्टे दिसू लागतात, कारण हवा मधूनच क्षणभर स्थिरावते आणि त्या क्षणी डोळा तयार असावा लागतो.

पहिली रात्र: चंद्र, पण पौर्णिमेचा नव्हे

पहिल्या रात्रीसाठी घरातील दिनदर्शिकेत शुद्ध पंचमी ते दशमी या तिथी शोधाव्यात. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि विवरे सपाट दिसतात. अष्टमीच्या सुमारास मात्र उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सूर्य नुकताच उगवत असतो, तेथील डोंगरांच्या सावल्या लांब पडतात आणि चंद्राला उठाव येतो. अष्टमीला या रेषेच्या मध्यभागाजवळ टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरे एकाखाली एक दिसतात. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस उजेडात येते, त्याच्या कडांच्या आतील पायऱ्यांसारखे टप्पे ६५ पटींवर मोजता येण्याइतके स्पष्ट असतात.

क्रम असा ठेवावा. सूर्य मावळल्यावर चौरंग गच्चीवर मांडावा आणि दुर्बीण पाहण्याच्या आधी अर्धा तास बाहेर आणून ठेवावी. डिसेंबरात पुण्यानाशिकाकडे आरसा खोलीच्या उबेतून थंड हवेत येतो, आणि तो निवेपर्यंत नळीत गरम हवेचे झोत उठून प्रतिमा उकळल्यासारखी हलते. मुंबई आणि कोकणगोव्याची अडचण याच्या उलट आहे. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या आरशावर तत्काळ वाफ धरते. ती पुसू नये. नळीचे तोंड जमिनीकडे करून वाट पाहावी, आरसा कोमट झाला की वाफ आपोआप उडते. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे ग्रह पाहण्यासाठी एप्रिल-मेमध्ये उशिराची वेळ बरी.

नळी हलवताना तिच्या पुढच्या कडेला दोन बोटे लावून हळू ओढावी. फोकसरला धरून ओढू नये. फोकस करताना प्रतिमा बारीक होत जाते, मग पुन्हा पसरते. त्या दोन्हींच्या मधला सर्वांत बारीक बिंदू हाच फोकस. हेरिटेज प्रकारच्या दुर्बिणींत फोकसर आट्यांचा असतो आणि तो थोडा हलतो. नळाच्या सांध्यांना गुंडाळतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे आट्यांवर दिले, की ही हालचाल बंद होते. चष्मा केवळ जवळच्या किंवा लांबच्या नंबरचा असेल, तर काढून पाहावे, फोकस ती उणीव भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल, तर मात्र चष्मा लावूनच पाहावे.

ग्रह आणि एक जोडपे

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ग्रहांकडे वळावे. गुरूचे चार मोठे चंद्र २६ पटींवरही दिसतात. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले आणि रोज त्यांच्या जागा टिपून ठेवल्या. आपणही वहीत एक गोल आणि त्याच्या बाजूंना ठिपके एवढे चित्र रोज काढावे. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे संध्याकाळी आणि मध्यरात्री काढलेल्या दोन चित्रांतही फरक दिसतो. शनीची कडी चाळीस पटींच्या आसपास वेगळी ओळखता येतात. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी या कड्यांच्या प्रतलातून गेली, त्या काळात कडी सुईसारखी बारीक झाली होती. त्यानंतर ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जाणार आहेत, म्हणून पहिल्या वर्षीची रेखाचित्रे जपून ठेवावीत. शुक्र दुर्बिणीत चंद्रासारखा कला दाखवतो, पण त्याला संधिप्रकाशातच पाहावे, कारण काळ्या आकाशात त्याचा झगमगाट डोळ्याला सहन होत नाही.

फाइंडरच्या सरावासाठी सप्तर्षीतील वसिष्ठासारखे लक्ष्य नाही. लग्नात नवदांपत्याला वसिष्ठाजवळची अरुंधती दाखवण्याची प्रथा सर्वांना माहीत आहे. सप्तर्षींच्या शेपटीत टोकापासून दुसरा तारा वसिष्ठ आणि त्याला लागून अंधुक अरुंधती. दोघे २६ पटींवर एकाच दृश्यात सहज मावतात. आता नीट पाहावे: वसिष्ठ स्वतःच दोन तारे आहे, त्यांतील अंतर सुमारे चौदा विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे. नुसत्या डोळ्यांना हे दोन तारे वेगळे करता येत नाहीत, दुर्बिणीला मात्र काही कष्ट पडत नाहीत. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यासह त्रिकोण करणारा तिसरा मंद तारा मागे दूरवर आहे, त्याचा या कुटुंबाशी संबंध नाही. मार्चपासून जूनपर्यंत संध्याकाळी उत्तरेला हे दृश्य मिळते.

अंधाराची लक्ष्ये

चंद्र-ग्रहांना शहराचा उजेड फारसा बाधत नाही. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांना मात्र अंधार लागतो. त्यासाठी अमावास्येच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे तीन-चार दिवस निवडावेत, आणि शक्य असेल तर गावी जावे. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावर एक नजर टाकली, की ती सगळी तपश्चर्या वाया जाते. विजेरीच्या तोंडावर सजावटीच्या लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या रबराने बांधाव्यात, नकाशा पाहण्यास तेवढा उजेड पुरतो. मंद वस्तूकडे थेट रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी. डोळ्याचा मध्यभाग रंग टिपतो, पण मंद प्रकाशात तो आंधळा असतो, आणि कडेचा भाग संवेदनशील असतो. तिरप्या नजरेची ही सवय लागायला काही रात्री जातात.

मिटणाऱ्या नळीचा मधला भाग उघडा असतो, त्यातून शेजारच्या गॅलरीतील दिवा थेट आत शिरतो. काळ्या कार्डशीटचे नळकांडे करून ते दांड्यांच्या आतून बसवावे. खर्च वीस-तीस रुपयांचा आहे, पण शहरात दृश्यातील फरक नव्या नेत्रिकेइतका जाणवतो. मात्र ते आरशाकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत डोकावत नाही ना, हे नळीच्या तोंडातून पाहून घ्यावे.

हिवाळ्यात पहिले लक्ष्य कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसणाऱ्या या तारकांच्या जागी २६ पटींवर दृश्य भरून निळसर तारे येतात. १० मिलिमीटरची नेत्रिका येथे लावू नये, गुच्छ दृश्याबाहेर जातो. त्यानंतर मृग नक्षत्र. व्याधाने मारलेला बाण म्हणजे मृगाच्या पोटातील तीन तारे, त्यांच्या खाली मंद ताऱ्यांची एक लहान रेघ लोंबते आणि तिच्या मध्यावर मृगातील तेजोमेघ आहे. गावाकडच्या आकाशात तो पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो, आणि ६५ पटींवर त्याच्या पोटात चार ताऱ्यांचा अगदी लहान चौकोन उमटतो. तो छायाचित्रांसारखा गुलाबी दिसणार नाही, करडाच दिसेल, कारण एवढ्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. देवयानी दीर्घिका नोव्हेंबरच्या संध्याकाळी डोक्याजवळ असते. दुर्बिणीत ती केवळ लांबट धुकट डाग दिसते, आणि तो डाग २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे हे माहीत असेल तरच त्यात मन रमते. वस्तू अगदी डोक्यावर असेल, तर या बैठकीला तिच्यामागे फिरणे अवघड जाते. तासभर थांबून ती कलू द्यावी.

वसंतात पुष्य नक्षत्रातील विखुरलेला गुच्छ घ्यावा आणि मग माझ्या मते या अक्षांशावरचे सर्वांत मोठे दान, ओमेगा सेंटॉरी. दहा लाखांहून अधिक ताऱ्यांचा हा गोलाकार तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही. पुण्याहून मात्र तो दक्षिण क्षितिजावर चोवीस अंश वर येतो, गोव्याहून सत्तावीस, नागपुराहून एकवीस. शोधण्याची युक्ती सोपी आहे. चित्रा नक्षत्राचा ठळक तारा आणि हा गुच्छ जवळजवळ एकाच उभ्या रेषेत आहेत. मेच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा ठीक दक्षिणेला सर्वांत उंच असते. तेथून सरळ खाली छत्तीस अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या साडेतीन मुठींहून थोडे अधिक, उतरावे आणि २६ पटींवर हळूहळू झाडल्यासारखे डावीउजवीकडे फिरावे. दक्षिणेला शहर नसेल, तर तो धुक्याच्या चेंडूसारखा येतो आणि ६५ पटींवर त्याच्या पृष्ठभागावर साखर भुरभुरल्यासारखे तारे सुटे होतात. उन्हाळ्याच्या शेवटी उशिरा रात्री वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन गुच्छ आहेतच, पण तोवर ढग येऊ लागतात.

एकट्याने अडत असल्यास माहितगारांसोबत एक रात्र काढावी. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. स्वतःची दुर्बीण बरोबर नेली, तर एका तासात दहा प्रश्न सुटतात.

आरशांची जुळणी

तारे एका बाजूला शेपूट असल्यासारखे दिसू लागले, की दोन आरशांची परस्पर जुळणी बिघडली असे समजावे. तिला कॉलिमेशन म्हणतात आणि नवशिके तिला अकारण भितात. फोकसरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला बरोबर मध्यभागी दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे, ही झाली जुळणीची टोपी. नळी आडवी ठेवावी, जेणेकरून हातातील किल्ली निसटली तरी मुख्य आरशावर पडणार नाही. छिद्रातून पाहिल्यावर लहान आरसा दिसतो आणि त्यात मुख्य आरशाचे प्रतिबिंब. मुख्य आरसा धरणाऱ्या तिन्ही पकडी दिसल्या पाहिजेत. एखादी दिसत नसेल, तर लहान आरशामागचे तीन बारीक स्क्रू षट्कोनी किल्लीने अगदी थोडे, एक सैल केला तर दुसरा आवळत, फिरवावेत. ते साधले की मुख्य आरशाच्या मध्यभागी चिकटवलेले लहान वर्तुळ पाहावे आणि नळीच्या मागील स्क्रू फिरवून छिद्राचे काळे प्रतिबिंब त्या वर्तुळात आणावे. एका वेळी पाव वेढ्याहून अधिक फिरवू नये. रात्री १० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून ठळक तारा दृश्याच्या मध्यभागी ठेवून किंचित फोकसबाहेर न्यावा. कडी एकाभोवती एक सारखी दिसली, की काम झाले.

पावसाळा

जून ते सप्टेंबर दुर्बिणीला काम नसते, आणि तिचे सर्वांत मोठे नुकसान याच काळात होते, कारण नेत्रिकांवर आणि आरशांवर बुरशी धरते. दुर्बीण बंद करण्यापूर्वी ती कोरड्या खोलीत झाकणे काढून रात्रभर ठेवावी, आतील दव पूर्ण उडू द्यावे आणि मगच झाकणे लावावीत. नेत्रिका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. रंग बदलणारे सिलिका जेल मिळाले तर उत्तम, कारण रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते. दुर्बीण भिंतीला लागलेल्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नये, हवा खेळती राहील अशा जागी सुती कापडाखाली ठेवावी आणि पंधरा दिवसांतून एकदा उघडून पाहावी. आरशावरची धूळ रबरी फुग्याने उडवावी, कापडाने कधीही पुसू नये, कारण ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो आणि एका पुसण्याने कायमचे ओरखडे पडतात. थोड्याशा धुळीने दृश्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. फाइंडरची बॅटरी काढून ठेवावी. ऑक्टोबरमध्ये आकाश उघडले, की पुन्हा सायंकाळी तोच देवळाचा कळस शोधून लाल ठिपका त्यावर आहे का ते तपासावे, चार महिन्यांत तो बहुधा थोडा सरकलेला असतो.